म्हाताऱ्यांसाठी जागा मागायची तर कुठली मागायची?



आधी शेताचं सांगतो, मग आजचा विषय. भात पोटरीत आलंय. या आठवड्यात बांध फुटू देऊ नका, खाचरात दोन बोटं पाणी राहू द्या. खालच्या तुकड्यात खोडकिडीची थोडी पांढरी पिशी दिसली, उपटून जाळली. फवारणी लगेच नाही केली, कारण बेडूक आणि कोळी भरपूर आहेत, आठ दिवस बघतो. निळे भुंगेरे या वर्षी कमी आहेत. एवढंच.

आता दुसरं. परवा गावच्या सभेत वृद्धाश्रमाला गुरचरणातली दोन एकर जागा द्यायची की नाही यावर भांडण झालं. मी तिथं बोललो ते अर्ध्या लोकांना आवडलं नाही. रात्री तीन-चार जणांचे फोन आले, "दादा, तुम्ही म्हाताऱ्यांच्या विरोधात कसे?" म्हणून सविस्तर लिहितोय. मी विरोधात नाही, उलट मलाच त्या जागेची गरज आहे. कशी ते सांगतो.

माझी आत्या ८१ वर्षांची आहे. मूलबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. आमच्या कळव्याच्या खाडीकडच्या खाचरात ती कंबरेइतक्या चिखलात लावणी करायची. लाल माठ नि पालकाच्या जुड्या बांधून पहाटे स्टेशनवर विकायला बसायची. माझी दहावीची फी तिच्या जुड्यांतून भरली गेली. जमिनी गेल्या, चाळ गेली, आम्ही इमारतीत चौथ्या मजल्यावर आलो. गेल्या वर्षी ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर ती उठली नाही.

मी दिवसभर कल्याण तालुक्यात शेतावर असतो, बायकोचे गुडघे गेलेत, मुलगा-सून दोघं नोकरीला. बाई ठेवायची म्हणून चौकशी केली तर बारा तासांचे महिन्याला १८,००० मागितले. रात्रीचे वेगळे. आता शेतकऱ्याचा हिशोब मांडून बघा. माझ्या चांगल्या एकरात १६ क्विंटल भात होतं. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव २,३६९ रुपये. झाले ३७,९०४. म्हणजे एका एकराचं अख्ख्या हंगामाचं भात विकलं, खत-मजुरी काही वजा न करता, तर आत्याजवळ दिवसाची बाई दोन महिने बसेल. आणि श्रावणबाळ योजनेचे तिला महिन्याला १,५०० मिळतात, म्हणजे वर्षाच्या पेन्शनमध्ये एक महिना.

शेवटी तिला एका संस्थेच्या आश्रमात ठेवलं. माणसं बरी आहेत, त्यांची तक्रार नाही. पण जागा लांब. कळव्याहून निघायचं, गाडी बदलायची, उतरून रिक्षा करायची, दोन तास सहज जातात. एकदा रात्री अकराला फोन आला, ताप चढलाय, श्वास लागलाय. मी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता, तोवर त्यांनी एका टेम्पोत घालून तिला तालुक्याला नेलं होतं. वाचली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मना एवढ्या लांब कशाला टाकलास रं? इथं कोन वलखीचा नाय."

ती लांब का आहे याचं उत्तर एका शब्दात देता येतं. जमीन. धर्मादाय संस्थेला कळवा, ठाणे, डोंबिवलीत एक गुंठा घेणं परवडत नाही. बिल्डर ज्या भावाने घेतो त्या भावाने घेऊन कोण म्हाताऱ्यांची शी-मूत काढणार? मग त्या संस्था जातात बदलापूरच्या पुढे, वांगणी, खडवली, शहापूर, कर्जतकडे. तिथं हवा चांगली असते म्हणतात. हवा चांगली, पण हाडाचा डॉक्टर नाही, रक्त तपासायला जागा नाही. नोव्हेंबर २०२१ ला भिवंडी तालुक्यात सोरगावच्या वृद्धाश्रमात साठाहून जास्त जणांना कोरोना झाला, तेव्हा त्यांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला आणावं लागलं होतं. दवाखाना शहरात, म्हातारा रानात, असं उलटं गणित आपण करून ठेवलंय.

कायदा काय म्हणतो तेही बघू. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्याच्या १९ व्या कलमात लिहिलंय की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, गरीब ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू शकेल, आणि त्यात कमीत कमी १५० जणांची सोय असावी. "काढू शकेल" हा शब्द बघा. "काढेल" नाही. आपल्याकडे "शकेल" वर किती पिकं वाळली ते तुम्हाला माहीत आहे. आणि ठाण्यासारख्या जिल्ह्यात १५० म्हणजे किती? आमच्या कळव्याच्या दोन-चार सोसायट्यांतच तेवढे म्हातारे निघतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरचे १०० मागे जवळजवळ १० होते. तेव्हा मी चाळिशीत होतो, आता माझाच साठीला नंबर लागतोय.

(याच कायद्यातली दोन कलमं शेतकऱ्यांनी पाठ करावीत. एक, मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्याची इस्टेट ज्याला मिळते किंवा मिळणार, त्या नातेवाईकावर सांभाळायची जबाबदारी येते. म्हणजे आत्याच्या बाबतीत माझ्यावर. दोन, २३ वं कलम. जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली आणि त्यात "माझा सांभाळ करायचा" अशी अट असली, आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांताकडे अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. अट कागदावर लिहून घ्या. पोटचा पोरगा आहे, कशाला लिहायचं, असं म्हणून लाजू नका.)

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. १९९५ ला मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, जिल्ह्याजिल्ह्यात स्वयंसेवी संस्थांमार्फत आश्रम काढायचे. पण तत्त्व विनाअनुदान. म्हणजे रोजचं जेवण, आया, औषध, लंगोट, सगळं संस्थेने लोकांकडे हात पसरून आणायचं. बैल घेऊन दिला आणि वैरण तुझी तू बघ, अशातला प्रकार. काही ठिकाणी चांगलं चाललं, काही ठिकाणी नाही.

तर सरकारी, महापालिकेची जागा या कामाला द्यावी हे माझं मत पक्कं आहे. त्याचं एक कारण आम्हा खाडीपट्टीवाल्यांना जास्त कळतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आमच्या बापजाद्यांच्या जमिनी घेतल्या त्या "सार्वजनिक प्रयोजन" म्हणून. रेल्वेला गेल्या, कारखान्यांना गेल्या, रस्त्याला, पाइपलाइनला गेल्या. त्यातले किती तुकडे आज कुंपण घालून, पाटी लावून, आत डेब्रिज टाकून पडलेत ते लोकलच्या खिडकीतून मोजा. ज्या बाईने ती जमीन कसली तिला म्हातारपणी त्यातले सहा फूट बाय तीन फूट खाटेपुरते मिळणं, याहून सार्वजनिक प्रयोजन आणखी कुठलं?

पण गुरचरण नाही. इथंच माझं आणि सभेतल्या मंडळींचं जुळलं नाही.

गुरचरण मोकळं दिसतं म्हणून ते फुकट नाही. आमच्या गावात अजून चाळीसेक जनावरं चरतात. त्यांचं शेण नसेल तर माझा राब कशाचा? पावसाचं पाणी मुरतं ते तिथंच, म्हणून खालच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहतं आणि त्यावर वाल पिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला पंजाबच्या एका खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलंय की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. त्यानंतर १२ जुलै २०११ ला आपल्या सरकारचा त्याबद्दलचा निर्णय निघाला. आज आश्रमाच्या नावाने दोन एकर सोडले तर उद्या त्याच्या शेजारी दहा एकर कोणी मागायचं ते ठरलेलं आहे. चांगल्या कामाला पुढे करून वाईट काम आत शिरतं, हे आपण शाळांच्या आणि पतपेढ्यांच्या बाबतीत बघितलंय.

खाजणही नाही. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे आणि ती बरोबर आहे. खारबंदिस्ती फुटली की समुद्राचं पाणी कुठवर येतं ते ज्यांनी पनवेल-१ सारखी खारं सोसणारी जात लावून बघितली त्यांना विचारा. म्हातारी माणसं अशा भरावावर ठेवायची म्हणजे पहिल्या मोठ्या उधाणाला खाटा उचलायच्या.

मग कुठली जागा? शहरातलीच, दवाखान्याजवळची. विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षित पण पडून असलेले भूखंड. इथं एक घाई आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे, आरक्षित खासगी जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण सुटतं. सुटलं की तिथं टॉवर. दरवेळी आपण झोपलेलो असतो. दुसरं, पोरं कमी झाल्याने रिकामे पडलेले शाळांचे मजले. तळमजला दिला तरी तीस खाटा होतात. वर शाळा, खाली आजी-आजोबा, मला तर यात वाईट काही दिसत नाही. पाढे ऐकायला मिळतील.

आता "जागा संस्थेला दिली की संस्था पुढाऱ्याच्या मेहुण्याची निघते" हा आक्षेप. हा खरा आहे, आणि सभेत तो मीच मांडला होता. धर्मादाय रुग्णालयांचं बघा. गरिबांसाठी १० टक्के खाटा फुकट, आणखी १० टक्के सवलतीत, असा नियम आहे. पण किती शेतकऱ्यांना तो माहीत असतो? बिल भरून झाल्यावर कोणीतरी सांगतं. म्हणून जागा विकायची नाही, मालकी द्यायची नाही. भाडेपट्टा द्यायचा, तीस वर्षांचा, नाममात्र भाड्याने. करारातच लिहायचं की निम्म्या खाटा त्याच प्रभागातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गरिबांना. किती खाटा भरल्या, किती रिकाम्या, रेशन दुकानासारखी पाटी दाराबाहेर रोज. हॉल लग्नाला दिला की पट्टा रद्द.

सिंगापूरमध्ये तर सरकार स्वतःच इमारत बांधतं आणि चालवायला संस्था निवडून तिला भाड्याने देतं. काम बिघडलं तर संस्था बदलता येते, घर जागेवर राहतं. हे मला सगळ्यात पटलं, कारण बटाईसारखं आहे. जमीन धन्याची, कसणारा चांगला नसेल तर पुढच्या हंगामाला दुसरा. आणि लांब कशाला, शेजारी गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था आजही वृद्धाश्रम चालवते.

सरकारने दिलेल्या जागेवर काय उभं राहतं याचं आपलं मोठं उदाहरण वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमट्यांना मिळाली ती ५० एकर दगड-झुडपाची जमीन, सोबत मूठभर कुष्ठरोगी. त्यांनी विहीर खणली, शेती केली. पुढे तिथंच "उत्तरायण" नावाने वृद्धांची वसाहत झाली. हो, तिथं बाबा होते, प्रत्येक प्रभागात बाबा मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणूनच करार कडक हवा म्हणतोय. माणूस चांगला मिळाला तर करार कपाटात राहील.

शेती करणाऱ्यांनी आणि कृषी खात्यातल्या मंडळींनी यात एक गोष्ट करावी असं मला वाटतं. अशा प्रत्येक जागेत चार-पाच गुंठे परसबागेला राखून ठेवायला सांगा. आत्याच्या आश्रमात ज्या दोन म्हाताऱ्यांना मेथीचा वाफा दिलाय त्या सकाळी स्वतःहून उठतात. बाकीच्या भिंतीकडे बघत पडून असतात. खाटेच्या उंचीचे वाफे केले तर चाकाच्या खुर्चीतूनही खुरपणी होते. कोणी असे करून बघितले असतील तर मापं कळवा, मी एक नमुना आमच्या गच्चीवर करून बघणार आहे.

सभेत शेवटी ठराव झाला नाही, पुढच्या महिन्यावर गेला. तोवर मी आमच्या प्रभागातल्या पडीक आरक्षित भूखंडांची यादी मागायचा अर्ज माहितीच्या अधिकारात टाकलाय. दहा रुपयांचं तिकीट लागतं, तुम्हीही तुमच्या गावच्या, शहराच्या कार्यालयात टाका. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे ते आधी बघा, गुरचरण असेल तर ते यादीतून काढा, आणि उरलेलं इथं खाली लिहा. तालुका लिहायला विसरू नका.

उद्या आत्याकडे जायचंय. पडवळ आणि शिराळी काढून ठेवलीत, तिथल्या स्वयंपाकघराला द्यायला. जाताना भाताची एक पोटरी घेऊन जाईन, मागच्या खेपेला तिने दोनदा विचारलं होतं.