पांढरंशुभ्र समुद्रफूल नको गं बाई!

मैत्रिणींनो, वाटाणे फारच हिरवेगार दिसले की आपण बोटाने चोळून बघतो, रंग तर दिलेला नाही ना म्हणून. मग समुद्रफूल घेताना हीच चौकस नजर कुठे जाते, कोण जाणे! खाऱ्या पाण्याचा फिशटँक हौसेने मांडला जातो, त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश येतात आणि मुलं हट्ट धरतात, "आई, त्यांचं घर आण ना!" ते घर म्हणजे समुद्रफूल, सी अ‍ॅनिमोन. नावाने फूल, पण आहे प्राणी.

माझी अशीच फसगत झाली. दुकानात एक पांढरंशुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेलं फूल डोळ्यांत भरलं. दुकानदाराने न मागता पैसेही कमी केले. (तिथेच ओळखायला हवं होतं!) पंधराव्या दिवशी सकाळी बघते तो पाणी दुधाळ, घरभर वास आणि दोन्ही मासे उलटे. समुद्रफूल मेलं की कुजून रातोरात सगळं पाणी नासवतं.

तो पांढरेपणा म्हणजे रूप नव्हे, आजार. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि फुलाला पोसते. निरोगी फुलाचा तपकिरी, हिरवट रंग असतो तो या शेवाळाचाच. प्रवासात हाल झाले, पाणी तापले की शेवाळ निघून जाते आणि फूल पांढरे पडून हळूहळू उपाशी मरते. टोके जांभळी-गुलाबी असली तर हरकत नाही. पण सगळं अंगच लिंबासारखं पिवळं किंवा सरबतासारखं गुलाबी दिसलं, तर रंग चढवलाय असं खुशाल समजा.

मग तोंड बघा. ते अगदी मधोमध असतं आणि घट्ट मिटलेलं हवं. आ वासलेलं, आतलं बाहेर आल्यासारखं दिसलं तर पुढे चला. अख्खं फूलच आकसून गोळा झालं असेल तर मात्र लगेच नावं ठेवू नका. पोटातली घाण टाकायला ते अधूनमधून आकसतं. बाजारहाट उरकून दोन तासांनी परत डोकवा. फुललं असेल तर दुकानदाराला कोळंबीचा बारीक तुकडा द्यायला सांगा. धडधाकट फूल तो चिकटून धरतं आणि तोंडाकडे नेतं. आपण बोट लावू नये, काही जातींचा डंख चांगलाच झोंबतो.

सर्वांत महत्त्वाचा त्याचा पाय, म्हणजे खालची चकती. ती दगडाला घट्ट धरून हवी. दुकानदार ओढून काढायला लागला तर त्याचा हात धरा, अगदी संकोच नको! पाय फाटला की ते सहसा वाचत नाही. दगडासकट मागा. चार पैसे जास्त पडतील, पडू देत.

पहिल्यांदा घेताना 'बबल टिप' जात बरी. घरच्या टाकीतही एकाची दोन होतात, तेव्हा एखाद्या हौशी माणसाकडे वाढलेलं मिळालं तर उत्तमच. गालिच्यासारखी पसरणारी मोठी जात मासेसुद्धा गिळते, ती नको.

नीट सांभाळलं तर हे किती जगावं? स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल 1887 पर्यंत काचेच्या बरणीत जगलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई म्हणत!

टँक निदान सहा महिने मुरलेला असावा; वर्ष झालं असेल तर आणखी चांगलं. दिवा प्रखर हवा, पाणी 25-26 अंश सेल्सिअस आणि क्षारमापकावर 1.025. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायला विसरू नका, हे फूल हळूहळू चालतं आणि त्यात ओढलं जातं. तोवर मुलांनी हट्ट धरला तर सांगा, क्लाउनफिश फुलाशिवायही टाकीत मजेत राहतात.