दुधाचा भाव आणि प्रतिजैविकांची किंमत

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या आठवडे बाजारात दुभत्या गाईचा सौदा करताना जाणता शेतकरी प्रथम तिच्या कासेवरून हात फिरवतो. कास कठीण लागली की दगडीचा, म्हणजेच कासदाहाचा, संशय त्याला येतो. मात्र या गाईला पूर्वी कोणती प्रतिजैविके किती दिवस टोचली, हे हाताला कळत नाही आणि विकणारा सहसा सांगत नाही.

कासदाह बहुधा जिवाणूंमुळे होतो. जिवाणू म्हणजे एकच पेशी: आत जनुकद्रव्य व प्रथिने घडविणारी यंत्रणा, भोवती पातळ पटल आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याबाहेर भक्कम भित्तिका. अन्न व ऊब मिळाली की काही जाती २० मिनिटांत एकाच्या दोन होतात. हा वेग अखंड राहिला तर १० तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक जिवाणू होतील. (प्रत्यक्षात अन्न संपते व वाढ थांबते, आम्हा अर्थशास्त्रज्ञांचे वाढीचे आराखडे ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरतात.)

पेनिसिलिन या भित्तिकेच्या बांधकामातच अडथळा आणते. वाढत्या पेशीची भिंत कच्ची राहते आणि आतील दाबाने पेशी फुटते. गाईच्या वा माणसाच्या पेशीला अशी भित्तिका नसल्याने ती सुरक्षित राहते. परंतु काही जिवाणूंच्या भित्तिकेवर आणखी एक आवरण असते. तेथे पेनिसिलिनचा शिरकाव कठीण. काही तर पेनिसिलिन मोडणारे विकरच तयार करतात, हे १९४० मध्येच नोंदले गेले होते. औषधाच्या माऱ्यातून नेमके हेच वाचतात आणि रिकाम्या रानात तेच फोफावतात. म्हणूनच इंजेक्शनापूर्वी दुधाच्या नमुन्याची तपासणी हवी.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज तो औषध टिकण्याचा आहे. प्रतिजैविकाचा गुण ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. चरणारा एक, झीज सर्वांची. आणि ही झीज बाटलीवरील किमतीत धरलेली नसते.

अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ते योग्यच झाले. पण केवळ बंदीने भागणार नाही. उपचार चालू असताना व त्यानंतर औषधावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये, असा दंडक आहे. विकले, तर त्यातील औषधाचा अंश दही लावणाऱ्या जिवाणूंनाही मारतो आणि विरजण बिघडते. तथापि हे दूध ओतून देण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसावा आणि लाभ आपण सर्वांनी घ्यावा, हा कोणता न्याय? संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट व एसएनएफ पाहून. औषधमुक्त दुधास अधिक दर आणि ओतलेल्या दुधास भरपाई, अशी व्यवस्था दूधसंघांनी व शासनाने मिळून केली पाहिजे. त्यासाठी लिटरमागे काही पैसे आम्हा पगारदार ग्राहकांना अधिक मोजावे लागतील; ते मोजावेत.

खोटे दावे होतील, हा आक्षेप अपेक्षितच आहे. गाईच्या कानात आज बारा अंकी बिल्ला असतो. पशुवैद्यकाने प्रत्येक उपचाराची नोंद त्या क्रमांकावर केली, तर दूधसंघाला दावा पडताळता येईल आणि बाजारात गाय घेणाऱ्यालाही तिचा पूर्वेतिहास समजेल.