बाडीतला खारीचा वाटा

अहेरी, आलापल्ली, नागेपल्ली या भागात घरामागे बाडी नाही असे घर क्वचितच सापडेल. कुणी तिला वाडी म्हणतो, कुणी सांदवाडी. पावसाळ्यात मका, वाल, दोडका. हिवाळ्यात वांगी, टमाटर, मिरची आणि कुंपणाच्या कडेला पेरू, सीताफळ, पपईची चार-दोन झाडे. धानाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. बाडी मात्र रोजच्या ताटाला लागते, आणि उरलेला माल आठवडी बाजारात विकून तेल-मिठाचा, पोरांच्या वह्यांचा खर्च निघतो. बहुतेक घरांत ही बाडी बाईच्याच हातची असते. त्यामुळे तिथले नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही, पण घरात लगेच जाणवते.

या बाडीतली नेहमीची तक्रार खारीची आहे. पेरू पिकायच्या आत कुरतडला जातो, मक्याचे कणीस सोलले जाते, पेरलेले भुईमुगाचे दाणे उकरले जातात. गावात गेले की मागणी एकच असते, "साहेब, खारीसाठी काही औषध द्या ना."

औषध म्हणजे विष, हे सांगणाऱ्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. खारीसाठी बाडीत विष ठेवू नये, कुणी विकू नये आणि कुणी सुचवूही नये. कारण खारीची दया हे नाही. दया ज्याची त्याने ठरवावी. कारण असे की ज्या जागेतली भाजी आपण संध्याकाळी चुलीवर टाकतो, ज्या जागेत लहान पोरे खेळतात आणि कोंबड्या चरतात, त्याच जागेत ते विष पडून राहते.

उंदरासाठी मिळणारे काळे औषध, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा नाही. शेंगदाण्याला किंवा गुळाच्या गोळीला लावलेले हे विष खारच खाईल, याची हमी कोण देणार? आपल्याकडे नाल्याला पूर आला की रस्ते बंद पडतात. अशा वेळी पोराने ती गोळी तोंडात टाकली तर दवाखाना गाठायचा कसा, याचा विचार आधी करावा. काही घरांत जुने थायमेट अजूनही कोपऱ्यात पडलेले असते. थायमेट म्हणजे फोरेट. ते 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद झालेले आहे. ते वापरणे दूरच, घरात ठेवणेही धोक्याचे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. आपल्याच विदर्भातला हा धडा इतक्यात विसरून चालणार नाही.

कायद्याचीही बाजू आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. तिच्यात उंदीर होते, कावळा होता, फळे खाणारी वटवाघळे होती, खार नव्हती. उलट पाच पट्ट्यांची खार संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीत होती. 2022 च्या दुरुस्तीने तर उपद्रवींची ती यादीच काढून टाकली. तेव्हा "उंदीर मारतो तशी खार मारली" हा बचाव चालणारा नाही. शिवाय आपल्या दक्षिण गडचिरोलीच्या जंगलात शेकरू आहे आणि रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खारही आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. जंगलालगतच्या बाडीत ठेवलेले विष कोणती खार खाईल, हे ठेवणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मारून प्रश्न सुटतो का, हेही पाहू. इंग्लंडमध्ये करडी खार ही बाहेरची पाहुणी. उत्तर अमेरिकेतून आणून 1876 मध्ये चेशायर परगण्यात सोडलेली. तिने तिथल्या तांबड्या खारीला हुसकावले आणि झाडांच्या साली सोलल्या. 1950 च्या दशकात तिथल्या सरकारने शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस लावले. शेपट्या ढिगाने जमा झाल्या, खारी काही हटल्या नाहीत आणि शेवटी योजना गुंडाळावी लागली. जिथे खायला आहे आणि घरट्याला जागा आहे, तिथे एक मेली की शेजारची येते. आपली खार तर पाहुणी नाही, इथलीच आहे. बाजूला जंगल असताना ती संपवण्याची भाषा म्हणजे नाला आटवायला लोटा घेऊन बसण्यासारखे आहे.

मग करायचे काय? पहिले काम म्हणजे चोर ओळखणे. बाडीतल्या प्रत्येक नुकसानीचे बिल खारीच्या नावावर फाडले जाते, ते बरोबर नाही. खार दिवसा येते, सकाळी आणि उन्हे उतरल्यावर जास्त. फळ झाडावरच राहते आणि त्यावर बारीक दातांची कुरतड दिसते. सकाळी झाडाखाली चघळून थुंकलेला चोथा दिसला तर ते काम वटवाघळाचे. जमिनीलगतचे फळ रात्रीतून खाल्ले आणि जवळ बीळ असले तर उंदीर किंवा घूस. फांद्या मोडल्या असतील तर वानरे. आणि पावसाळ्यातला पेरू वरून बरा दिसून आतून अळ्यांनी भरलेला निघाला तर ती फळमाशी. पेरूचे मोठे नुकसान पुष्कळदा फळमाशीच करते आणि खार फुकट बदनाम होते. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा लावावा आणि गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत.

खारच आहे अशी खात्री झाली, तर वाट अडवावी. आंबा, नारळ अशा उंच खोडाच्या झाडाला जमिनीपासून पाच-सहा फुटांवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती गुंडाळावा. नारळाला उंदरासाठी लावतात तसाच. खिळे ठोकू नयेत, तारेने बांधावा आणि खोड वाढते तसा दरवर्षी सैल करावा. पण झाडाची फांदी कवेलूच्या छपराला, कुंपणाला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर पत्रा लावून उपयोग नाही. आधी त्या फांद्या छाटाव्या लागतील.

पेरू आणि सीताफळ बुटके, फांद्या खालूनच फुटलेल्या. त्यांना पत्रा कामाचा नाही. तिथे चांगली फळे निवडून त्यांना अर्ध्या इंचाहून बारीक तारेच्या जाळीची पिशवी बांधावी. कागदी पिशवीने फळमाशी अडते, खार अडत नाही. नायलॉनची जाळीही ती कातरते. तारेची पिशवी एकदा केली की पुष्कळ हंगाम चालते. सीताफळ झाडावर पिकू देऊच नये. डोळे उघडले, खाचा पांढुरक्या-पिवळसर झाल्या की तोडून घरात पिकवावे. पेरूही पूर्ण पिकायच्या आधी, रंग फिरताच काढावा. खारीच्या तोंडी जाणारी पुष्कळ फळे नुसत्या वेळेवरच्या तोडणीने वाचतात आणि त्याला एक पैसा खर्च येत नाही.

पेरलेल्या वाफ्यावर बोरीच्या काटेरी फांद्या पसराव्या किंवा विरळ विणीची बांबूची टोपली उलटी ठेवावी. बांबू आणि तो विणणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत, त्याला शहरातून सामान आणायला नको. मिरचीच्या पाण्याची फवारणी लोक करतात. तिने खारीचे तोंड भाजते, पण एका पावसात ती धुऊन जाते. बुजगावणे आणि चमकत्या पट्ट्या यांना खार काही दिवसांत सरावते. त्यावर भरवसा ठेवू नये.

उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात, तीही तक्रार आहे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडणे तिला भागच असते. त्यात तहान लागली की पाण्याची नळी तिला बरोबर सापडते. बाडीच्या चार कोपऱ्यांत मातीच्या भांड्यात पाणी भरून ठेवावे आणि जमतील तेवढ्या नळ्या मातीखाली घ्याव्या. हा उपाय साधा आहे, पण बऱ्याच नळ्या वाचवतो.

आता थोडे आमच्या खात्याविषयी आणि गावाविषयी. रानडुक्कर, रोही, हरीण यांनी पीक खाल्ले तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून जिल्ह्यात उतरलेल्या रानटी हत्तींनी धान तुडवले, त्याचे पंचनामे झाले. खारीने खाल्लेल्या पेरूला भरपाई नाही आणि असावी असेही आमचे म्हणणे नाही. पण बाडीचे नुकसान लहान म्हणून त्याकडे बघायचेच नाही, हेही बरोबर नाही. सल्ला मिळाला नाही की माणूस दुकानातून विष आणतो. परसबागेच्या योजनेत बियाण्याच्या पाकिटासोबत जाळीचा एक तुकडा द्यायला काय हरकत आहे? महिला बचत गटाच्या बैठकीत चोर ओळखण्याची माहिती आणि जाळीच्या पिशवीचे प्रात्यक्षिक अर्ध्या तासात होते. ग्रामसभेने घराघरांतल्या जुन्या विषारी औषधांचा विषय घ्यावा. कृषी केंद्रवाल्यांनीही गिऱ्हाईक "खारीसाठी" म्हणाले की काळ्या औषधाची पुडी हातात देऊ नये, नाही म्हणावे.

मराठीत आपण खारीचा वाटा म्हणतो. सेतू बांधताना तिने वाळूचे कण आणले, अशी कथा आहे. बाडीतही ती थोडे देते. फळांसोबत ती किडेही खाते आणि इकडे-तिकडे बिया टाकते. म्हणून तिचे सगळे लाड करा असे कुणी म्हणत नाही. समजा एका पेरूला शंभर फळे लागली. जाळी, वेळेवर तोडणी आणि फळमाशीचा सापळा यांनी त्यातली नव्वद घरात आली, तर उरलेल्या दहांसाठी घरात विष आणणे हा कोणत्या हिशोबाचा व्यवहार? दहा पेरू गेले तर पुढच्या बहारात परत येतील. पोराच्या किंवा गाईच्या तोंडी गेलेली गोळी परत येत नाही. बाडीचा हिशोब करताना बायाबापड्यांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या आम्ही मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.