या सह्यांचा जाब द्या!

"दस वुई हॅव स्टडीड द लेथ मशीन." महाराष्ट्रातल्या कोणत्याही तंत्रनिकेतनात जा, हाताला येईल ते जर्नल उघडा, निष्कर्षाच्या रकान्यात हे वाक्य सापडलेच म्हणून समजा. लेथ असेल तर लेथ, वेल्डिंग असेल तर वेल्डिंग. यंत्राचे नाव तेवढे बदलते, बाकीचे वाक्य ढिम्म हलत नाही. आणि त्याखाली तारखेसकट अध्यापकांची लाल सही! काय अभ्यासले? काय चुकले? काय नवे कळले? सही ठोकणाऱ्याने विचारले नाही, मुलाने सांगितले नाही, आणि टर्म वर्कचे गुण मात्र बिनबोभाट पडले. शिक्षणाच्या नावाखाली चाललेली ही राजरोस फसवणूक आहे आणि तिला दुसरे सभ्य नाव द्यायची आमची तयारी नाही.

कारखानदार ओरडतात की डिप्लोमा झालेल्या पोराला इंग्रजीत चार ओळींचा रिपोर्ट लिहिता येत नाही. येईल कसा? तीन वर्षे त्याच्याकडून कुणी लिहून घेतलेच नाही, उतरवून घेतले. ड्रॉइंग शीटची जीटी मारायला, म्हणजे काचेवर ठेवून नक्कल उतरवायला, निदान काचेखाली दिवा लावावा लागतो. जर्नलला तेवढीही वीज जळत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत एक 'कम्प्लीट' जर्नल मधोमध आणि भोवती चौघे मान मोडून बसलेले, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने या राज्यातले तंत्रशिक्षण पाहिलेच नाही. छापील प्रयोगपुस्तिका आल्या तर त्यातल्या रिकाम्या जागांची उत्तरे पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. आता चॅटजीपीटी आले. नक्कल करणाऱ्याचे बोटही दुखायचे राहिले नाही.

आणि याच मुलाला वर्कशॉपमध्ये गाठा! लेथवर फेसिंग करताना जॉबच्या मधोमध बारीक बोंड राहिले, म्हणून तो शेजारच्याला सांगत असतो, "अरे, टूल सेंटरच्या खाली लागलंय, पॅकिंग टाक, मग बघ." निदान अचूक, उपाय अचूक. ते कळायला त्याने एक जॉब वाया घालवलेला असतो, हात तेलाने माखलेले असतात. इंजिनिअरिंग म्हणतात ते याला! तासाभराने तोच मुलगा बाकावर बसून लेथचे भाग, त्यांची कार्ये आणि कुठल्याशा गाइडातली व्याख्या उतरवू लागतो. बोंडाचा, पॅकिंगचा, बाद झालेल्या जॉबचा त्या पानावर मागमूसही नाही. अहो, त्याला एवढेच लिहू द्या ना: "द टूल वॉज बिलो सेंटर. सो अ स्मॉल पिप रिमेन्ड." दोन ओळी, पण त्याच्या स्वतःच्या. 'बिलो'चे स्पेलिंग चुकले तर खुशाल लाल पेन चालवा. त्या पेनाला तेव्हा कुठे काही अर्थ येईल. पण नाही! खरे लिहिले तर जॉब चुकला असे दिसते, आणि जर्नलात जॉब कधी चुकत नसतात.

यावर ठरलेले उत्तर तयारच असते: "इंग्रजी आमचा विषय नाही." मग कुणाचा? सुरुवातीच्या सत्रात येऊन जाणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांचा? त्या बिचाऱ्याने अर्जाचा मायना आणि कर्मणी प्रयोग शिकवायचा, आणि पुढची अडीच वर्षे बाकी सगळ्यांनी हात झटकून मोकळे व्हायचे! खुद्द इंग्लंडात, जिथल्या पोरांना इंग्रजी घरी मिळते तिथे, 1975 साली बुलक समितीने बजावले की भाषा ही एकट्या भाषाशिक्षकाची जबाबदारी नव्हे, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने ती उचलली पाहिजे. आपल्याकडे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आजचे मूल दहा वर्षे ती भाषा अंगावर घेऊन तंत्रनिकेतनाचा उंबरा ओलांडते. त्या दहा वर्षांवर बोळा फिरवण्याचे काम आपली जर्नले इमानेइतबारे करतात.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाच्या पोटावर आम्हाला पाय द्यायचा नाही. तुटपुंज्या मानधनावर जर्नलांचे ढीग उपसणारा तो माणूस वाचणार कधी? आमचा रोख आहे तो त्याला ढीग देणाऱ्यांवर. जर्नलाची पाने मोजणाऱ्या आणि पानावरचा मजकूर न बघणाऱ्या व्यवस्थेवर.

मराठीचे अभिमानी म्हणतील, इंग्रजीचा हा सोस हवाच कशाला? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 साली मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायची वाट मोकळी केली, तिचे आम्ही स्वागतच करतो. मुलाने आधी मराठीत लिहावे, अगदी वर्कशॉपच्या मराठीत लिहावे, मग त्याचे इंग्रजी करावे. याहून चांगली तालीम नाही. पण "अशा प्रकारे आपण लेथ यंत्राचा अभ्यास केला" हे वाक्य उद्या साठ जर्नलांत उतरले तर मायमराठीचे भले होईल असे कुणी समजू नये. नक्कल देवनागरीत केली म्हणून पवित्र होत नाही.

आणि हा प्रश्न व्याकरणाचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कोलंबिया अवकाशयानाचा अपघात आठवावा. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज मांडणाऱ्या स्लाइड केल्या. एका स्लाइडवर मथळा दिलासा देणारा, पोटात मोघम शब्दांची खोगीरभरती, आणि जे ओरडून सांगायला हवे ते अगदी तळच्या ओळीत: चाचणीत वापरलेला तुकडा 3 घनइंचांचा, हिशेबात धरलेला 1,920 घनइंचांचा. म्हणजे 640 पट मोठा! 1 फेब्रुवारीला यान परतताना फुटले. कल्पना चावलासह सातही जण गेले. ती स्लाइड वाचून जिवावरचा धोका वरिष्ठांच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असे चौकशी मंडळाने अहवालात नोंदवले. इंग्रजी त्या अभियंत्यांना येत होते. महत्त्वाचे आधी आणि स्पष्ट लिहावे, एवढेच राहिले होते. आम्ही तर आमच्या पोरांना चुकलेले लपवायलाच शिकवतो!

आणि नेमके लिहिल्याने काय साधते तेही बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधक शंकर आबाजी भिसे यांनी मुंबईतून वजन करणाऱ्या यंत्राचा आराखडा लंडनच्या स्पर्धेला पाठवला आणि बक्षीस जिंकले. परीक्षकांपुढे भिसे नव्हते, त्यांचा कागद होता. आज नाशिकच्या पोराने कांद्याची प्रतवारी करणारे यंत्र बनवले, तर 1970 च्या पेटंट कायद्याचे दहावे कलम त्याला सांगते की शोध कसा चालतो आणि तो अमलात आणायची उत्तम पद्धत कोणती, याचे पुरेपूर वर्णन दे. आणि पेटंटचे नियम सांगतात, ते हिंदीत किंवा इंग्रजीत दे. तिथे "दस वुई हॅव स्टडीड" लिहून भागेल काय?

तंत्रशिक्षण मंडळाने याच सत्रापासून सरळ हुकूम काढावा. जर्नलातली थिअरी उडवून लावा. ती पुस्तकात आहे. प्रत्येक जॉबला एकच पान: मी काय केले, कुठे चुकले, माप किती आले, पुढच्या वेळी काय बदलेन. पान वर्कशॉपमध्येच, जॉब हातात असताना लिहायचे, आणि ज्याने जॉब तपासला त्यानेच भाषाही तपासायची. चूक कबूल केली म्हणून गुण कापणाऱ्या अध्यापकाला नोटीस द्या. ओरलला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी जर्नल चाळून चहा पिण्यापेक्षा मुलाने लिहिलेले एक वाक्य बोटाने दाखवावे आणि विचारावे, "हे तू कुठे पाहिलेस?" आणि मुलाची मान खाली गेली, तर गुण कापण्याआधी परीक्षकांनी पानाच्या तळाशी असलेल्या सहीकडे बघावे आणि पुढचा प्रश्न त्या सहीच्या मालकाला विचारावा.