सरपणाची खतावणी

हिवाळ्याच्या तोंडावर घाटंजीच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा भावाआधीचा प्रश्न पाण्याचा असतो. ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसले जाते आणि त्यावरील आकडा पाहूनच पुढचे बोलणे होते. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते आणि त्याहून ओला कापूस परत जातो. व्यापारी घरातील शाळकरी मुलालाही हे गणित पाठ असते. मात्र त्याच घराच्या मागील दारी लाकडाची गाडी रिकामी होते, तेव्हा ओलावा कोणी विचारीत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. कापसातील १२ टक्क्यांवर अडून बसणारा हात लाकडातील ५० टक्के पाण्याचे पैसे मुकाट्याने मोजून देतो.

गॅस येऊन कितीतरी वर्षे झाली, तरी सरपण घरातून गेलेले नाही. न्हाणीघराजवळचा तांब्याचा बंब, परसातील मोठी चूल, लग्नकार्याचा स्वयंपाक, दिवसभरासाठी उकळून ठेवायचे पाणी आणि पौष-माघाच्या थंडीत भरलेली शेगडी, अशा अनेक वाटांनी ते टिकून आहे. थंड मुलुखांत घर तापविण्यासाठी धुराड्याची बंदिस्त भट्टी असते. विदर्भात तशी रीत नाही. येथे ऊब मिळते ती कढत पाण्यातून, चुलीपुढच्या बसण्यातून आणि शेगडीतील निखाऱ्यांतून. ही ऊब जवळजवळ फुकट पडते, असा सर्वसाधारण समज आहे. टालीवरचा भाव तेवढा वहीत लिहिला, तर तो खराही वाटतो. परंतु लाकडाचा खर्च एकाच खात्यावर पडत नाही. तो निरनिराळ्या खात्यांवर नावे पडतो आणि त्यांतील बरीचशी खाती घरात कोणी उघडूनच पाहत नाही.

पहिले खाते पाण्याचे. लाकडातील १ किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. १० किलो ओल्या लाकडात ५ किलो पाणी असेल, तर ते उडविण्यातच ३,००० किलोकॅलरी खर्ची पडतात. चांगले वाळलेले लाकूड किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते, तर ओले जेमतेम २,०००. शिवाय ओले लाकूड नीट पेटत नाही, धुमसते आणि धूर दुप्पट करते. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. सरपण दिवाळीनंतर गरज पडेल तसे न घेता फाल्गुन-चैत्रात घ्यावे, फोडून घ्यावे, विटांवर किंवा दगडांवर रचावे आणि वैशाखाचे ऊन त्याला खाऊ द्यावे. यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा माणसाला छळतो, पण लाकूड वाळविण्याचे काम त्याच्याइतके स्वस्तात दुसरे कोणी करणार नाही. मृग लागण्यापूर्वी ढीग छपराखाली घ्यावा आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात, ते हाताला हलके लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो.

दुसरे खाते चुलीचे. उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते, उरलेली हवेत जाते. गॅसच्या चांगल्या शेगडीवर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात असते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १,५५,००० किलोकॅलरी असतात आणि त्यांतील ९०,००० हून अधिक भांड्याला लागतात. तेवढेच काम उघड्या चुलीवर करावयाचे, तर १८० ते २७० किलो वाळलेले लाकूड हवे. या आकड्याला गावातील लाकडाचा चालू भाव लावून घरधन्याने गुणाकार करून पाहावा. उत्तर पुष्कळदा धक्का देणारे निघते.

बंबाचाही असाच पडताळा घेता येतो. दोन बादल्या म्हणजे ४० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास १,००० किलोकॅलरी पुरतात. त्यासाठी ज्या घरात ३ किलो लाकूड जळते, तेथे १०,५०० किलोकॅलरी खर्च होऊन एक दशांश तेवढी जमेस धरता येते. वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन असलेल्या या भागात गच्चीवरील सौर बंब हे काम विनाइंधन करतो. प्रारंभीची रक्कम मोठी दिसते. परंतु भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे खाते धुराचे. त्यावरचा खर्च घरातील स्त्रीच्या नावे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरात लाकूड, गोवऱ्या, कोळसा यांसारख्या इंधनांमुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत ५ वर्षांखालील मुले २ लाखांहून अधिक होती. फुप्फुसांचे जुने आजार, हृदयविकार, पक्षाघात, मुलांमधील न्यूमोनिया आणि डोळ्यांतील मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे. सासूबाईंचा जुना खोकला वयावर ढकलला जातो आणि सुनेच्या डोळ्यांतील पाणी सवयीवर. दोन्हींची नोंद सरपणाच्या पानावर व्हावयास हवी. या प्रश्नाकडे विदर्भाचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. शेजारच्या वर्ध्यात, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेवर, मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ नंतर उभे राहिले. तेथूनच ‘मगन चूल’ या नावाने बिनधुराची चूल लोकांपुढे आली. तिचे तत्त्व साधे आहे. विस्तव बंदिस्त करावा, एकाच जाळावर मुख्य भांडे आणि वैल दोन्ही तापवावीत आणि धूर नळीवाटे छपराबाहेर काढावा. परसातील चूल ठेवायचीच असेल, तर तिला धुराडे करून घेण्याचा खर्च एका औषधोपचाराच्या बिलाहून फारसा मोठा नसतो. धुराड्यातील काजळी मात्र वरचेवर काढावी लागते, अन्यथा धूर पुन्हा घरातच फिरतो.

चौथे खाते रानाचे. घाटंजी आणि पांढरकवडा परिसरात टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. सागाचे हे रान आता वाघांसाठी ओळखले जाते. अशा रानांच्या कडेने वाळलेल्या फांद्या वेचून डोक्यावर मोळी वाहून आणणारी स्त्री वाघाच्या वाटेवरून चालत येते. तिच्या मोळीचा भाव पाडताना ही जोखीम कोणी किमतीत धरीत नाही. रानावरील भार हलका करावयाचा, तर शेतातील पऱ्हाट्या आणि तुराट्या हा जवळचा पर्याय आहे. त्यातही एक पथ्य पाळले पाहिजे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीच्या ढिगात दडून राहते व पुढील हंगामात पुन्हा शेतात उतरते. म्हणून बोंडे लागलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर किंवा घरामागे वर्षभर ठेवू नयेत, असे कृषी विभाग सांगत आला आहे. चुलीसाठी वाचविलेले दोनशे रुपये पुढच्या वर्षी कापसाच्या खात्यात हजारांनी वळते होऊ शकतात, आणि तो कापूस येतो शेवटी याच बाजारात.

येथे जयणेचाही प्रश्न येतो. चूल पेटविण्यापूर्वी पुंजणी फिरविणे आणि लाकूड झटकून, पारखून मगच विस्तवात सारणे हा जुन्या घरांतील नित्याचा आचार होता. पावसाळ्यात भिजलेल्या, बुरशी आणि किडे धरलेल्या लाकडावर पुंजणी फिरवूनही फारसे साधत नाही, कारण जीव सालीखाली आणि पोखरलेल्या भोकांत असतात. कोरडे, साल काढून फोडलेले, जमिनीपासून उंच ठेवलेले लाकूड हे काम मुळातच सोपे करते. उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म ही दोन नावे आरंभीच येतात. ती व्यवसायाविषयी आहेत, घरच्या चुलीविषयी नव्हेत. तरीही ज्या परंपरेने विस्तव आणि वन यांच्या वापरापाशी एवढा विचार केला, तिच्या अनुयायांनी निदान वाया जाणाऱ्या लाकडाचा हिशेब ठेवावा, ही अपेक्षा वावगी नाही.

शेवटचे खाते शेगडीचे. ते एकदा नावे पडले तर कोणत्याही जमेने भरून निघत नाही. थंडीच्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, फटींत कापड कोंबून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. वस्तुतः कोंदट जागेत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या घटकाने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग गुंगी येते आणि ती झोपच वाटते. मोठे माणूस कदाचित उठून दार उघडील, तान्ह्या बाळाला तेही करता येत नाही. ओवा-शेपांच्या धुरीने होणारा त्रास याखेरीज वेगळा.

म्हणून निखाऱ्यांची शेगडी रात्री झोपण्याच्या खोलीत असू नये. आजी-आजोबांच्या खोलीतही नाही आणि खिडकी किलकिली ठेवूनही नाही. बाळाची ऊब आईच्या अंगाशी असते. त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेणे, डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि अंगावर मऊ सुती कपड्यांचे थर, एवढ्याने ते सुरक्षितपणे उबदार राहते. बाळंतिणीला शेक हवाच असेल, तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. शेगडीजवळ बसलेल्या कोणाचे डोके जड होऊन मळमळू लागले, तर दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि विलंब न करता दवाखाना गाठावा. ज्या घरात यंदा बाळंतपण आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट सुईणीवर किंवा सुनेवर न सोडता स्वतः ठरवून टाकावी. रीतीविरुद्ध बोलण्याचा अधिकार त्या घरात बहुधा त्यांनाच असतो.