न पाठवलेली पत्रे

नंदुरबार, शहादा, अक्कलकुव्याकडच्या कित्येक घरांत जुन्या पेटीत उर्दू पत्रांचा गठ्ठा असतो. लिहिणारे अल्लाहला प्यारे झाले. मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांना ती वाचता येत नाहीत. मग एखाद्या साफसफाईत तो रद्दीत जातो. भगिनींनो, त्याआधी झरीना हाशमी यांच्याविषयी ऐका.

झरीना 1937 मध्ये अलिगढला जन्मल्या. वडील विद्यापीठात इतिहास शिकवत. त्यांनी गणिताची पदवी घेतली, पुढे पॅरिसला छापचित्रकला शिकल्या. त्यांच्या छापांत माणसे जवळजवळ नाहीतच. लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर उमटवलेल्या रेषा आहेत. त्यातच दार, उंबरठा, सीमा ओळखायची.

आईवडील पुढे कराचीला गेले. झरीना देशोदेशी राहिल्या. थोरली बहीण राणी त्यांना उर्दूत पत्रे लिही. आप्तांचे मृत्यू, घराची विक्री अशा दुःखाची काही पत्रे मात्र तिने टपालात टाकलीच नाहीत. ती पुष्कळ वर्षांनी झरीनांच्या हाती आली. 2004 मध्ये ‘लेटर्स फ्रॉम होम’ या छापमालेत त्यांनी बहिणीचे हस्ताक्षर तसेच ठेवून त्यावर घरांचे आराखडे आणि शहरांचे नकाशे उमटवले. ज्याला उर्दू येत नाही, त्यालाही ते घर दिसते. 2020 मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला.

आपल्याकडची पत्रे एखाद्या बुजुर्गाकडून वाचून घ्या; मजकूर मराठीत वेगळ्या वहीत उतरवा. मूळ पत्र जपून ठेवा. झेरॉक्सवर मुलांना जुन्या घराचा नकाशा कापून चिकटवू द्या. नानीची चूल कुठे होती, हे तेव्हाच विचारले जाईल.