पडक्या वाड्याचा जमाखर्च

मराठी समीक्षेला पडका वाडा फार आवडतो. भिंतीला गेलेली भेग, ओसरीवरचा मोडका झोपाळा, देवघरातला मिणमिणता दिवा एवढी सामग्री हाती आली की लेखणी आपोआप ओलावते आणि 'सरंजामी मूल्यव्यवस्थेचा ऱ्हास', 'काळाचा अटळ रेटा', 'अस्तंगत वैभवाची विराणी' अशी शब्दावली ओळीने उतरू लागते. उत्तरपत्रिकांतून, मार्गदर्शिकांतून आणि चर्चासत्रांतल्या निबंधांतून हेच वर्षानुवर्षे चालू आहे. आम्ही अमरावती-अकोल्याकडे मराठी शिकवणारी माणसे. असल्या उत्तरपत्रिका तपासण्यात आमचे उन्हाळे जातात. आमचे म्हणणे एवढेच, की वाडा काळामुळे पडत नाही. तो कारभारामुळे पडतो, आणि कारभार म्हणजे जमीन, कर्ज, कायदा व माणसांचे श्रम. या चार गोष्टींची चौकशी न करणाऱ्या समीक्षेला वाडा कळलेला नाही. मग वाड्यावरचे नाटक तिला कळले असेल असे कसे मानावे?

ही चौकशी करण्याची सवय आज एका अगदी अनपेक्षित जागी टिकून आहे. ती जागा म्हणजे अद्भुतरम्य साहसांचे भूमिकाखेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यांतला आद्य खेळ. चार-सहा जण एकत्र बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि फाशांच्या साहाय्याने सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. अशा खेळात कधीकधी पराक्रमी पात्रांना बक्षीस म्हणून एखादी ओसाड गढी व तिची जमीन मिळते, आणि तिथून गोष्टीचा रंगच पालटतो. तलवारी भिंतीला टेकतात. खेळाडू कागद-पेन्सिल घेऊन बसतात. छपराला किती खर्च येईल? विहीर कोण उपसणार? कुळे गाव सोडून का गेली? मागच्या धन्याने कोणाकोणाचे देणे ठेवले आहे?

खेळांच्या नियमपुस्तकांत या प्रश्नांची चक्क आकड्यांत उत्तरे आहेत. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन' (१९८५) या खेळात प्रत्येक वर्षाच्या अखेरीस हिवाळ्याचा एक टप्पा येतो. त्यात पीक कसे आले, घोडे जगले की मेले, घरात मूल जन्मले का, याचा निकाल लागल्याखेरीज पुढचे साहस सुरू होत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या सूत्रधार-पुस्तिकेत मालमत्तेच्या देखभालीचा एक तक्ता आहे. त्यातली सरदाराची जहागीर चालवायला दिवसाला १० सोन्याची नाणी, ३ कुशल माणसे आणि १५ अकुशल माणसे लागतात.

या १५ माणसांवर आमचा सारा वाद उभा आहे. कल्पित राज्यातल्या कल्पित गढीलाही १५ राबणारे हात लागतात, हे त्या खेळाच्या पुस्तकाला ठाऊक आहे. आमच्या मार्गदर्शिकांतल्या वाड्यात मात्र कोणीच राबत नाही. तिथे नुसती मूल्ये राहतात आणि मूल्येच ढासळतात.

आता वऱ्हाडाकडे येऊ. पहिली गोष्ट अशी, की 'सरंजामशाही' हा शब्द इथे सरसकट चालत नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. नागपूरकडे मालगुजार होता. वऱ्हाडात खातेदार होता आणि तो आपला सारा थेट सरकारात भरत होता. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले, मान तेवढा राहिला. पुढची शंभर वर्षे ही घराणी टिकली ती मोठे खातेदार म्हणून. जमीन ठोक्याने किंवा बटाईने लावणे, सालदार ठेवणे, कधी सावकारी करणे आणि कापूस अकोला-खामगाव-अमरावतीच्या बाजारात घालणे, यावर त्यांचा डोलारा उभा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) या कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि युद्ध संपताच तो भाव उतरला. म्हणजे वऱ्हाडातल्या वाड्याच्या नशिबाची दोरी तेव्हापासूनच दूरच्या बाजाराला बांधलेली होती. ज्याला आपण 'प्राचीन सरंजामी वैभव' म्हणतो, त्याचा पुष्कळसा भाग असा कापसाच्या गाठीतून आलेला आहे.

मग १९५१ चा वऱ्हाडातील शेतजमिनीच्या पट्ट्यांबाबतचा कायदा आला, १९५८ चा विदर्भासाठीचा कुळकायदा आला, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. यांतल्या प्रत्येकाने वाड्याच्या खात्यातले काही ना काही काढून घेतले किंवा तसा प्रयत्न केला: कुठे जमीन, कुठे खंड, कुठे स्वस्तातले मनुष्यबळ. एका ओळीत 'काळाचा रेटा' म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, त्या काळाला अशी कलमे आणि तारखा आहेत.

हे लक्षात ठेवून महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचावे. विजया मेहता यांनी १९८५ साली ते रंगभूमीवर आणले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून त्रिनाट्य पूर्ण झाले. धरणगावच्या देशपांड्यांचे हे घर. परगण्याचा हिशेब ठेवणारा तो देशपांडे, हे आडनावच सांगते. आणि नाटक काय करते? पहिल्यापासून हिशेबच मांडते. तात्याजी गेले आहेत, तेरवी घराण्याच्या इतमामाने व्हायला हवी, पैसा नाही, आणि गोष्ट वाड्याचाच भाग विकण्यापर्यंत येते. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. घरातले सोने हा सगळ्यांच्या मनातला विषय आहे. चंदू धाकटा भाऊ असून गड्यासारखा राबतो. प्रभाचे शिक्षण घराण्याच्या प्रतिष्ठेपायी अडवले गेले आहे.

ट्रॅक्टरबद्दल आमच्या उत्तरपत्रिका काय म्हणतात? 'तो फसलेल्या आधुनिकतेचे प्रतीक आहे.' असेल. पण आधी तो ट्रॅक्टर आहे. पैसा अडकवून आणलेले, दुरुस्तीवाचून बंद पडलेले आणि मालकाला चालवायला कमीपणा वाटेल असे ते यंत्र आहे. हे सारे जोडून पाहिले की प्रतीक आपोआप उभे राहते. हे वगळून ते उभे केले तर त्याला पाय नसतात.

प्रभाचे तर कायद्याच्या पुस्तकाशिवाय आकलनच होणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, परंतु त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मागण्याचा हक्क तिला नाकारला. पुरुष वारस वाटणी करायला निघाले तरच तिचा हिस्सा वेगळा व्हायचा. अविवाहित मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क मात्र होता. म्हणजे १९८५ मधल्या अविवाहित मुलीला वाडा राहायला मिळत होता. त्यातला आपला वाटा मागून बाहेर पडता येत नव्हते. जन्मसिद्ध समान हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला, आणि २००५ सालीच ते २३ वे कलमही गेले. प्रभाच्या घुसमटीला 'स्त्रीची अस्तित्ववादी एकाकी अवस्था' असे नाव देणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. नाटककाराने हिशेब कुठेच लपवलेला नाही. समीक्षेने ते पान उलटलेलेच नाही.

तेरवीचे पाहा. कर्ज काढून सण आणि जेवणावळी करू नका, हे आयुष्यभर गावोगाव फिरून सांगणारे गाडगेबाबा (१८७६-१९५६) याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. पडत्या घराचा कारभार कसा करावा याचा इतका रोखठोक सल्ला दुसऱ्या कोणी दिला नसेल, आणि तो परिटाच्या घरात जन्मलेल्या माणसाने दिला. अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच नावाच्या विद्यापीठातला विद्यार्थी देशपांड्यांच्या तेरवीवर चार पाने शोकगंभीर मजकूर लिहितो आणि त्यात गाडगेबाबा एकदाही येत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते. त्यांचे नाव प्रवेशद्वारावर राहते; त्यांचा विचार वाचनात उतरत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे समाजशास्त्र झाले, साहित्य कुठे राहिले? शोकात्मिकेला सात-बारा विचारायचा असतो का? आमचे उत्तर असे, की हिशेबाने शोक कमी होत नाही. तो कोणाचा, हे त्याने स्पष्ट होते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्या. कौतिकला वाडा नाही. तिला निष्क्रिय नवरा, पोरे आणि रोजची चूल आहे. पै-पैशाचा मेळ घालणे हेच तिचे जगणे, आणि तो मेळ बसेनासा होतो तीच तिची शोकान्तिका. तिथे आकडे काढून टाका, कादंबरी उरणार नाही. गरिबाच्या घराला हिशेब लावायचा आणि श्रीमंताच्या घराला विराणी, ही वाटणी साहित्यातली नाही. ती आपल्या वाचनातली आहे.

दुसरा आक्षेप खेळाबद्दल येईल. तो पोरखेळ आहे, त्याचे काय एवढे? खेळाचे दोष आम्हालाही दिसतात, आणि ते मोठे आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या खेळाडू-पुस्तकानुसार गढी बांधून मुलूख राखणाऱ्या योद्ध्याला दर रहिवाशामागे महिना ७ चांदीची नाणी मिळतात. पाऊस पडो न पडो, ७ म्हणजे ७. १८९९-१९०० चा छपन्न्याचा दुष्काळ पाहिलेल्या वऱ्हाडात असला मुलूख मिळणे नाही. त्याहून मोठा दोष म्हणजे हा सारा हिशेब गढीच्या खिडकीतून मांडलेला असतो. खेळाडू नेहमी धनी असतो. ती १५ अकुशल माणसे तक्त्यात एक आकडा म्हणून येतात. त्यांना नाव नाही, देणे नाही, मत नाही. सबब, खेळाकडून आपण मोजण्याची सवय घ्यावी, त्याची खिडकी घेऊ नये.

कारण खाली उभे राहून पाहिले की पडक्या वाड्याचा अर्थच बदलतो. वऱ्हाडातल्या जुन्या घरांची छपरे धाब्याची. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी माती चढवून ते चोपावे लागते. एखादे वर्ष चुकले तर पावसाळ्यात घर गळू लागते, वासे कुजतात, भिंत फुगते. हे काम धनी करीत नसे. सालाने बांधलेला गडी करी, त्याची बायको माती वाही. पाडव्याला साल ठरे, धान्य आणि थोडी रोकड मिळे, उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात जाई. एका वर्षी तो आला नाही. त्याला रोजगार हमीच्या कामावर मजुरी मिळाली असेल, कुळकायद्याने दोन एकर मिळाली असतील, किंवा त्याचा मुलगा शिकून बडनेऱ्याला नोकरीला लागला असेल. त्या पावसाळ्यात वाडा गळला. आपण ज्याला ऱ्हास म्हणतो, त्यात एका माणसाची सुटकाही असते. भिंतीच्या ज्या भेगेवर समीक्षेचे डोळे पाणावतात, तिच्यातूनच कोणीतरी बाहेर पडलेला असतो.

आमच्या वर्गांत आज दोन्हीकडची नातवंडे शेजारी बसतात. एकाच्या आजोबांचा वाडा होता, दुसऱ्याचे आजोबा त्या वाड्यात सालदार होते. 'अस्तंगत वैभवाची विराणी' असे आपण फळ्यावर लिहितो तेव्हा त्यातल्या दुसऱ्याला आपण परक्याच्या तेरवीला नेऊन बसवतो आणि वर रडायलाही सांगतो. तो मुकाट्याने लिहून घेतो, कारण गुण हवे असतात. साहित्य आपले नाही, ही समजूत त्याच्या मनात नेमकी अशा तासांना रुजते. आणि पहिल्याचेही आपण भले करीत नाही. आपल्या घराचे काय झाले हे त्याला कळायला हवे होते. आपण त्याला उसासा टाकायला शिकवले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. 'वाड्याचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा' हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा. त्याऐवजी विचारावे: या घरात कोण राबत होते, त्याला काय मिळत होते, आणि त्याने येणे केव्हा व का थांबवले? ज्याला याचे उत्तर नाटकात आणि नाटकाबाहेर शोधता येईल, त्याला प्रतीक वेगळे शिकवावे लागणार नाही.